काहीतरी म्हंजे काय?

एकसष्ट टक्क्यांवर गाडी अडली ती अडलीच. संगणकाच्या पडद्यावरची निळी पट्टी जागची हलेना. थोड्या वेळानं तिच्याखाली इंग्रजीत एक निरोप उमटला. त्याचा अर्थ एवढाच, की काहीतरी चुकलं आहे, कृपया नंतर पुन्हा प्रयत्न करा.

"काहीतरी म्हंजे काय?" गीतांजलीनं पडद्यालाच विचारलं.

आता तुम्हीच सांगा, तुमच्या दारात कुणी येऊन "तुमच्या घरी काहीतरी झालंय, नंतर बघा" असं म्हणून उभं राहिलं, तर त्याला तुम्ही चहा पाजाल का? दोन शिव्या हासडून विचाराल, की बाबा रे, काय झालंय, कुणाला झालंय, नीट तोंड उघडून सांग की! पण मशीनला शिव्या घालून काही उपयोग नसतो. गीतांजलीनं तरी एक घातली. चाकूरकडची, माहेरची, अगदी ठेवणीतली. पण हळू आवाजात घातली, कारण समोरच्या बाकड्यावर महामाया बसली होती आणि तिच्या मांडीवर तिचा पोरगा प्रेम होता.

तसं बघितलं तर प्रेमला ती शिवी ओरडून घातली असती तरी ऐकू गेली नसती. सगळं दुखणं तिथंच तर होतं.

प्रेम सहा वर्षांचा. हिमायतनगरचं लेकरू, जन्मापासून बहिरं. तीन वर्षांचा असताना त्याचं ऑपरेशन झालं, कानाच्या आत एक यंत्र बसवलं आणि कानामागं लावायला बाहेरचं एक मशीन दिलं. लोकांना वाटतं, मशीन लावलं की झालं, पोरगं ऐकायला लागलं. अहो, कसलं काय! कोणता आवाज किती जोरात आत सोडायचा, बारीक आवाज किती, भसाडा किती, हे प्रत्येक लेकराचं वेगळं असतं. वरणात मीठ किती लागतं हे जसं घराघरांत वेगळं, तसंच. त्या हिशेबाला मॅप म्हणतात. नांदेडच्या या श्रवण केंद्रात तो मॅप बनवायचं काम गीतांजलीचं. प्रेमचा मॅप तिनं एका दिवसात नव्हता बनवला. दर खेपेला थोडं वाढव, थोडं कमी कर, त्याच्या तोंडाकडं बघ, असं करत करत तीन वर्षं लागली होती. त्या तीन वर्षांत पोरगं पाणी म्हणायला शिकलं, आई म्हणायला शिकलं, आणि हळूहळू वाक्यं बोलायला लागलं.

आणि मग प्रेमचं मशीन हौदात पडलं.

कंपनीनं नवं मशीन पाठवलं, पण नवं म्हणजे कोरं करकरीत. त्याच्यात प्रेमचा मॅप भरायला पाहिजे. मॅप होता केंद्रातल्या जुन्या संगणकात, आणि नेमकी त्याच आठवड्यात लाईट अशी झपकन आली की तो संगणक जळून बसला. दुष्काळात तेरावा महिना! तरीही गीतांजली घाबरली नव्हती. सगळ्या मॅपची एक प्रत कंपनीच्या दूरच्या संगणकावर आपोआप जाऊन बसत होती. नवा संगणक घ्यायचा, तिथली प्रत इथं उतरवायची, की काम फत्ते.

मधल्या काळात तिनं एक चूक केली होती. लेकरू रिकाम्या कानानं बसलंय हे तिच्यानं बघवलं नाही, म्हणून मागल्या मंगळवारी तिनं आठवणीवर जमेल तसा मॅप बनवून मशीन लावून बघितलं होतं. पहिल्याच आवाजाला प्रेम किंचाळला. मशीन उपटून त्यानं फरशीवर आपटलं, आणि तेव्हापासून कुणी जवळ आलं की तो तळहातानं कान झाकायला लागला. गीतांजलीनं अशी लेकरं बघितली होती. एकदा धसका बसला, परत एकदा बसला, की लेकरू मशीनला हात लावू देत नाही. मग ते मशीन जातं कपाटात आणि लेकरू परत मुकं होतं. तिला आता अंदाजानं काही करायचं नव्हतं. तिला प्रेमचा स्वतःचा मॅप पाहिजे होता.

"मॅडम," महामाया म्हणाली. ती अंगणवाडीत मदतनीस होती, दिवसभर लेकरांतच असायची, त्यामुळं तिचा आवाज शांत होता. "कालपासनं त्यानं पाणी म्हणायचंबी सोडलं. नुस्तं बोट दाखवायलाय. आज झालं न्हाई तर मी गावाकडं जात न्हाई. हितंच बसते."

"मीपण हितंच आहे," गीतांजली म्हणाली. "बघू, कोण आधी उठतंय. हे मशीन का आपण."

बाहेरच्या टेबलावरून ज्ञानोबाकाका डोकावले. केंद्रातल्या पेशंटांची नावं पुकारायची, त्यांना पाणी द्यायचं, आत सोडायचं, हे त्यांचं काम. त्याआधी सारी हयात त्यांनी एसटीत काढली होती, नांदेडच्या स्टँडावर कंट्रोलर म्हणून. गाड्या सोडायच्या, भोंग्यावरून पुकारा करायचा. रिटायर झाले तरी अंगातला कंट्रोलर काही रिटायर झाला नव्हता.

"काय म्हणून राहिलं मशीन?" त्यांनी विचारलं.

"काहीतरी चुकलंय म्हणतंय."

"काय चुकलंय?"

"ते नाही सांगत."

"मग बोलायलं कामून?" काका म्हणाले, आणि चहा सांगायला गेले.

गीतांजली कामाला लागली. तिनं आधी इंटरनेटची तार काढून परत लावली. एकसष्टवर अडलं. संगणक बंद करून चालू केला. एकसष्ट. तारेवर भरोसा नको म्हणून मोबाईलचं नेट जोडलं. एकसष्ट! सगळं सॉफ्टवेअर काढून टाकून नव्यानं बसवलं, त्याच्यात दुपार सरली, चहा गार झाला, आणि पट्टी सुरसुर करत वर चढली आणि बरोबर त्याच जागी येऊन बसली. खाली तोच निरोप.

दुसरी कुणी असती तर कपाळाला हात लावून बसली असती. गीतांजली मात्र खुर्ची मागं सारून पडद्याकडं बघत राहिली. नेटचा दोष असता, तर कधी चाळीसवर अडलं असतं, कधी सत्तरवर. हे दर वेळी त्याच एका दारात येऊन थांबतंय. याचा अर्थ दारात कुणीतरी उभं आहे आणि आत सोडत नाही. कोण उभं आहे, तेवढं कळायला पाहिजे.

तिनं कंपनीच्या हेल्पलाईनला फोन लावला. बरंच गाणं ऐकवल्यावर एक माणूस बोलायला आला. बोलणं कसं, तर साजूक तुपातलं.

"आपल्याला झालेल्या गैरसोयीबद्दल क्षमस्व. आपण संगणक एकदा बंद करून चालू केलात का?"

"केला."

"इंटरनेट तपासलंत का?"

"तपासलं. दोन प्रकारचं तपासलं."

"मी आपली तक्रार नोंदवून घेतो. दोन ते तीन कामकाजाच्या दिवसांत आमचा तांत्रिक विभाग—"

"दादा," गीतांजलीनं त्याला मधेच तोडलं, "हितं माझ्यासमोर एक लेकरू बसलंय. त्याला काही ऐकू येत नाही. त्याचा आवाज तुमच्याकडं अडकलाय."

"मी आपली भावना समजू शकतो."

"भावना राहू द्या तिकडं!" ती उसळली. मग तिनं दम घेतला. पलीकडंही माणूसच होता, त्यालाही कुणीतरी कागदावर लिहून दिलेलंच बोलावं लागत होतं. "एवढंच सांगा. एकसष्ट टक्क्यांपर्यंत काय काय येतं आणि त्याच्यापुढं काय येतं?"

हा प्रश्न त्याच्या कागदावर नसावा.

"थांबा हं, बघतो," तो म्हणाला, आणि या वेळी त्याचा आवाज साध्या माणसासारखा निघाला. "आधी नुसत्या सेटिंग्ज येतात, याद्या येतात. त्याला काही परवानगी लागत नाही. त्याच्यापुढं पेशंटच्या फाईली. त्या खाजगी असतात ना मॅडम, म्हणून तुमच्या संगणकाला आम्ही थोड्या वेळापुरता एक पास देतो. पास दाखवला की फाईल सुटते."

"आणि पास मिळतोय का आम्हाला?"

"आमच्याकडनं तर भराभर सुटायलेत. किती तर सुटलेत. तुमच्याकडं नोंदींची एक फाईल असेल, तिच्यात बघा. मला इथून तेवढंच दिसतं."

एवढं मात्र त्यानं खरं कामाचं सांगितलं. गीतांजलीनं त्याचे आभार मानले, मनापासून मानले, आणि ती नोंदींची फाईल शोधून काढली. अक्षरं मुंगीएवढी, आणि वाचावं तर डोकं फिरेल अशी भाषा. पण खाली खाली जाता जाता एकच ओळ परत परत येत होती. पास मिळाला. पासची मुदत संपली. पास मिळाला. पासची मुदत संपली.

म्हणजे मशीनला माहीत होतं की! त्याला नीट ठाऊक होतं काय चुकलंय ते, आणि वर आपलं साळसूदपणे "काहीतरी". गीतांजलीच्या तळपायाची आग मस्तकाला गेली.

पण आग एकीकडं आणि कोडं एकीकडं. आत्ता दिलेला पास आत्ताच्या आत्ता शिळा कसा होतो? तिनं पासवर्ड बदलून बघितला. नव्यानं नाव घालून बघितलं. काही नाही. पास मिळाला, मुदत संपली.

खिडकीतलं ऊन बाकड्यावरून खाली उतरलं होतं. प्रेमनं आणलेली खेळण्यातली जीप फरशीवर फिरवून फिरवून सोडून दिली होती. जीप फिरवताना तो आधी तोंडानं भुर्रर्र करायचा. आज गुपचूप फिरवत होता. गीतांजलीला ते बघवेना. तिनं परत पडद्याकडं तोंड केलं.

तेवढ्यात बाहेरून पुकारा झाला.

"हिमायतनगर! भोकरमार्गे हिमायतनगर! गाडीचा टाइम झाला!"

हा ज्ञानोबाकाकांचा जुना खेळ होता. आयुष्यभर त्यांनी माणसं गाडीमागं पळताना बघितली होती. कडेवर लेकरू, हातात पिशवी, आणि गाडी तर निघालेली. म्हणून केंद्रात आल्या आल्या त्यांनी भिंतीवरचं घड्याळ अर्धा तास पुढं करून ठेवलं होतं, बाहेरगावच्या कुणाची गाडी चुकू नये म्हणून. सगळ्यांना ते माहीत होतं. गीतांजलीसुद्धा केंद्रात कोणतंही घड्याळ बघितलं की मनातल्या मनात अर्धा तास वजा करून टाकायची, डोळा लवावा इतक्या सवयीनं. आणि दर खेपेला निघताना काका असा पुकारा करायचे, महामाया दचकून पिशवी उचलायची, की काका हसून म्हणायचे, "सबूर, सबूर. घड्याळ पुढं हाय." प्रेमला हा खेळ फार आवडायचा. पुढं पुढं तर काकांच्या आधी तोच ओरडायचा, "घल्याळ पुढं हाय!" त्याला बोलता येणारं सगळ्यात लांब वाक्य तेच होतं.

आज महामाया उठली नाही. "मी सांगितलं न्हवं काका, मी जात न्हाई म्हणून."

काका दारात आले. त्यांनी प्रेमसमोर वाकून दारातून बाहेरच्या भिंतीकडं बोट केलं, भुवया उंचावल्या, आणि नेहमीसारखं म्हणाले, "घड्याळ पुढं हाय!" प्रेमनं त्यांच्या बोटाकडं बघितलं, भिंतीकडं बघितलं, आणि आईच्या पदरात तोंड घातलं. काकांचा चेहरा उतरला.

गीतांजलीची नजरही त्या बोटामागून भिंतीवर गेली. पाच वाजून गेले होते. तिनं अर्धा तास वजा केला. मग पडद्याच्या कोपऱ्यात बघितलं. तिथंही पाच वाजून गेले होते. तिथंही तिनं अर्धा तास वजा केला.

आणि ती जागच्या जागी थिजली.

तिनं टेबलावरचा मोबाईल उलटा करून बघितला. साडेचार वाजून गेले होते.

"काका," ती म्हणाली, "ह्या संगणकाचं घड्याळ कुणी पुढं केलं?"

"म्या," काका सहज म्हणाले. "म्हंजे त्या बसवायला आलेल्या इंजिनियरकडून करून घेतलं. भिंतीवर एक टाइम अन् मशीनमधी दुसरा, पब्लिकची गल्लत होती. तो म्हणला, आपोआप मिळणारा टाइम बंद करावा लागंल. म्या म्हणलं, कर बंद. दोन्ही कशी मिळून असावीत." मग गीतांजलीच्या तोंडाकडं बघून त्यांचा आवाज बारीक झाला. "कामून? काही गल्ती झाली का?"

गीतांजली हसायला लागली. डोळ्यांतून पाणी यायला लागलं तरी हसू थांबेना. "काका, कंपनी आपल्याला पास देते तो थोड्याच मिनिटांचा. आपलं मशीन बसलंय अर्धा तास पुढं जाऊन. पास हातात पडला की ते स्वतःच्या घड्याळात बघतंय, आणि म्हणतंय, ह्याची मुदत तर कधीच संपली, दुसरा द्या. दुसरा आला की परत तेच!"

काकांना हे समजायला वेळ लागला नाही. त्यांचा जन्म याच्यातच गेला होता. "म्हंजे कंट्रोलरचंच घड्याळ पुढं," ते पुटपुटले, "अन् टायमावर आलेली हरेक गाडी त्याला लेट दिसायलीय." ते मटकन खुर्चीवर बसले. "ह्या लेकराची गाडी चुकू नये म्हणून केलं वो मी. अन् म्याच अडवून धरली."

"तुम्ही नाही अडवली," गीतांजली घड्याळ बरोबर करता करता म्हणाली. "ह्या शहाण्यानं अडवली. सकाळीच ‘तुमचं घड्याळ चुकलंय’ म्हणाला असता तर त्याच्या बापाचं काय जात होतं?"

तिनं बटण दाबलं. पट्टी खालून निघाली. एकसष्टवर येऊन उभी राहिली. महामाया बाकड्यावरून उठून मागं येऊन थांबली होती. गीतांजलीनं ओठ दातांत धरले.

बासष्ट.

पट्टी चढत राहिली, आणि नावं उतरायला लागली. कुठं भोकर, कुठं देगलूर, कुठं उदगीर, गावागावांतल्या लेकरांचे आवाज एकेक करून घरी येत होते. मधेच कुठंतरी प्रेमचं नाव येऊन गेलं. महामायानं ते बघितलं आणि गीतांजलीच्या खांद्यावर हात ठेवला.

मॅप नव्या मशीनमध्ये भरला. पण खरी कसोटी आता होती. मशीन बघताच प्रेमनं तळहात कानावर दाबला आणि भिंतीला चिकटून बसला. गीतांजली पुढं झाली तशी महामायानं तिला थांबवलं.

"द्या माझ्याकडं."

तिनं मशीन स्वतःच्या कानामागं लावलं आणि मान हलवून दाखवली. मग ते जीपवर ठेवून जीप त्याच्या पायापर्यंत नेली. मग गप्प बसून राहिली. ओढाताण नाही, लाडीगोडी नाही. तिला घाई नव्हती. तिनं पोराला ऑपरेशनच्या टेबलापर्यंत एकटीनं नेलं होतं, सगळं गाव ‘देवाची मर्जी’ म्हणत असताना नेलं होतं. प्रेमनं जीपकडं बघितलं, आईकडं बघितलं. किती वेळ गेला कुणास ठाऊक. मग त्यानं स्वतःच मशीन उचललं आणि सवयीच्या हातानं कानामागं बसवलं.

गीतांजलीनं आवाज शून्यावर ठेवला होता. तिथून ती एकेक पायरी वर आली. प्रेम किंचाळला नाही. पण त्याच्या तोंडावर दुसरंही काही उमटलं नाही. ती त्याच्या नेहमीच्या खुणेपर्यंत आली. मग त्याच्या मागं जाऊन, ओठ दिसू नयेत म्हणून तोंडापुढं कागद धरून तिनं हाक मारली.

"प्रेम."

तो हलला नाही. जीपचं चाक फिरवत राहिला.

"प्रेम!"

काही नाही. महामायानं डोळे मिटले. मॅप त्याचाच होता, खूण त्याचीच होती. मग काय राहिलं? का लेकरूच आता ऐकायला तयार नाही?

ज्ञानोबाकाका मधेच उठून बाहेर गेले होते, त्यांना यातलं काही दिसत नव्हतं. मनाला लागलं होतं म्हणून ते स्टुलावर चढून भिंतीवरचं घड्याळ काढून बसले होते. पुढं ठेवायची भानगडच नको म्हणून मोबाईलमध्ये बघून त्यांनी काटे बरोबर लावले. आणि काटे बरोबर लागले तसं त्यांच्या ध्यानात आलं, की आता मात्र खरोखरच निघायला पाहिजे. भिंतीपलीकडून त्यांचा तो स्टँडावरचा आवाज आला.

"हिमायतनगर! भोकरमार्गे हिमायतनगर! गाडीचा टाइम झाला!"

प्रेमचा हात चाकावर थांबला. त्यानं मान वर केली आणि दाराकडं वळवली.

"घल्याळ पुढं हाय!" तो ओरडला.

महामायानं त्याला उचललं आणि दिवसभरात पहिल्यांदा ती रडली, चांगली हंबरडा फोडून रडली. "आई, ओलडू नको," प्रेम तिच्या तोंडावर हात ठेवत म्हणाला. गीतांजली तोंडापुढचा कागद तसाच धरून उभी होती, आता तो डोळ्यांपुढं आला होता.

ज्ञानोबाकाका दारात आले. घड्याळ छातीशी धरलेलं. त्यांनी प्रेमकडं बघितलं, मग घड्याळाकडं. घड्याळ मिनिटाला मिनिट बरोबर होतं. त्यांनी ते उलटं केलं, मागचं चाक धरलं आणि काटा अर्धा तास पुढं फिरवला.

"हाव रं राजा," ते म्हणाले. "पुढंच हाय."